बाक रिकामं, योशी

खोतकाकांच्या घरी जेवायला बसलात, तर पहिला घास तोंडात जायच्या आधी तुमच्या ताटाची तपासणी होते. काका उजव्या हाताची तर्जनी ताठ करतात, आमटीच्या वाटीवर रोखतात आणि खणखणीत आवाजात म्हणतात, "आमटी गरम, योशी!" मग माशाच्या तुकडीवर बोट. "काटा आहे, योशी!" मग तुमच्यावर. "पाहुणा बसला, योशी!" त्यानंतर जेवण सुरू होतं. नवखा माणूस तोवर नुसतं पाणी पिऊन बसलेला असतो.

योशी म्हणजे जपानीत 'ठीक, चला पुढे'. इथले रेल्वेचे ड्रायव्हर आणि कारखान्यातले कामगार कुठलंही काम करण्याआधी त्या वस्तूकडे बघतात, बोट रोखतात आणि मोठ्याने बोलतात. सिग्नल हिरवा, योशी. दार बंद, योशी. नुसता डोळा फसतो, पण डोळा, बोट, तोंड आणि कान असे चौघे साक्षीला असले की चूक होत नाही, असा त्यामागचा विचार. बाकीचे लोक हा विचार कामावरून सुटल्यावर लॉकरमध्ये ठेवून येतात. खोतकाका घरी घेऊन आले.

ते मूळचे सांगलीकडचे. तरुणपणी गाड्यांच्या सुट्या भागांच्या एका कारखान्यात साचे बनवायला म्हणून नागोयाजवळ आले आणि पुढे तिथेच सुरक्षेचे सुपरवायझर होऊन निवृत्त झाले. निरोप समारंभात मिळालेलं हेल्मेट दारामागे खुंटीला असतं. वादळाचा इशारा आला की ते हेल्मेट घालून काका टीव्ही बघतात. घराबाहेर पडताना त्यांचे नळ, गॅस, खिडक्या, इस्त्री आणि देवघर असे पाच मुक्काम होतात. खोतकाकू त्यांच्यासाठी थांबत नाहीत. त्या पुढे जातात, स्टेशनजवळच्या सायकलींच्या छपराखाली बसून दोन फोन करतात, तेव्हा कुठे काका कोपऱ्यावर दिसतात. गणपतीत आरतीच्या ऐन भरात "निरांजन स्थिर, योशी! पडदा लांब, योशी!" ऐकून आमच्या वस्तीतली लहान मुलं तो आरतीचाच भाग समजून म्हणू लागली आहेत. वस्तीत सगळे त्यांना योशीकाका म्हणतात.

माझी त्यांची पहिली भेट स्टेशनात झाली आणि ती भांडणाची होती. मी नागोयाच्या ऑफिसात नवी होते, सकाळची गाडी पकडायला धावत होते. एक टोपीवाला म्हातारा आडवा आला आणि माझ्या बुटावर बोट रोखून म्हणाला, "नाडी." मी म्हटलं, माझी नाडी ही माझी खासगी बाब आहे. त्याने गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाला, "नाडी खासगी. प्लॅटफॉर्म सार्वजनिक."

माझे आईवडील दोघेही चळवळीतले. आमच्या घरी पोळ्या उरलेल्या पत्रकांत गुंडाळल्या जायच्या, मी 'कमळ'च्या आधी 'धिक्कार' वाचायला शिकले. पण इतकं नेमकं वाक्य मी एकाही पत्रकात वाचलं नव्हतं. मी वाकून नाडी बांधली. गाडी गेली. आमची मैत्री झाली.

आता स्टेशनाविषयी. कुरेसावा हे आमचं स्टेशन म्हणजे एक रूळ, एक प्लॅटफॉर्म आणि एक लाकडी खोली. खोलीत भिंतीला लागून लांब बाक, बाहेर रस्त्यावर थंड-गरम पेयांचं यंत्र. तिकीटखिडकीवर फळी ठोकलेली. मास्तर नाही, शिपाई नाही, कोणीच नाही. गाडी एका डब्याची, तिच्यावरही माणूस एकच. तोच गाडी हाकतो, तोच दारं उघडतो, तोच पुढच्या दाराशी पैसे घेतो आणि तोच टोपीला हात लावून आभार मानतो. खर्च परवडत नाही म्हणून रेल्वे कंपनीने आधी स्टेशनातला माणूस काढला, मग गाडीतला गार्ड. माणूस काढण्याला सुधारणा म्हणणाऱ्यांबद्दल माझं मत मी इथे लिहीत नाही. लिहिलं तर हे पत्रक होईल.

अशा या बिनमाणसाच्या स्टेशनात रोज संध्याकाळी एक माणूस हजर असायचा. नागोयाकडून येणारी गाडी थांबायची, आम्ही चारदोन जण उतरून शेताच्या वाटेला लागायचो, गाडी निघून जायची. मग खोतकाका खोलीच्या दारात यायचे, टाचा जुळवून उभे राहायचे आणि बोट रोखायचे. आधी बाकाच्या डावीकडच्या टोकावर. ते टोक फळी ठोकलेल्या खिडकीच्या आडोशाला आहे, वाटेवरून दिसत नाही. मग बोट हळूहळू उजवीकडे न्यायचे. "बाक रिकामं, योशी!" आवाज शेतापलीकडे ऐकू जायचा. मग ते घरी जायचे.

स्वतः मात्र त्या बाकावर ते कधी बसले नाहीत. गुडघे दुखत असले तरी खांबाला टेकून उभे राहायचे. मी कारण विचारलं तर म्हणाले, "बाक तपासायचं असतं. बसायचं नसतं." पुण्याचा समीर, आमच्याच इमारतीतला, त्यांची फिरकी घ्यायचा. तिथे कोण बसणार काका, भूत? काका गंभीरपणे म्हणाले होते, "भूत असलं तरी घरी पाठवायचं."

इथवर सगळं गमतीचं होतं. मग शरद ऋतूतली ती पावसाळी संध्याकाळ आली.

त्या दिवशी काकूंना सणसणून ताप होता आणि काका घाईत होते. एरवी गाडी निघून गेल्याशिवाय ते खोलीकडे फिरकत नसत. त्या दिवशी आम्ही उतरलो तशी त्यांना वाटलं, झाले सगळे उतरून. पण गाडीच्या पुढच्या दारातून एक आजी अजून उतरत होत्या. त्या स्वतः खाली आल्या होत्या, त्यांची बाजारहाटाची ढकलगाडी मागून ओढत होत्या. ड्रायव्हरने मान वळवून बाहेरच्या आरशात बघितलं. आरशावर पावसाचं पाणी. आणि तेवढ्यात प्लॅटफॉर्मवरून ड्रायव्हरच्याच सुरातली, ड्रायव्हरच्याच ठसक्यातली आरोळी आली, "योशी!"

ड्रायव्हरचा हात सवयीने दाराच्या बटणावर गेला.

दार ढकलगाडीवर मिटलं. आजींच्या हातात मूठ तशीच, त्या ओढल्या गेल्या आणि ओल्या प्लॅटफॉर्मवर मटकन बसल्या. दार लगेच उघडलं. गाडी जागची हललीही नव्हती. आजींना खरचटलंसुद्धा नाही, ढकलगाडीतला मुळा तेवढा मोडला. पण एक क्षणभर आम्हा सगळ्यांना पुढचं दिसलं होतं, गाडी सुटली असती तर काय झालं असतं ते. नोमुरा नावाचा तो तरुण ड्रायव्हर खाली उतरून पावसात वाकून वाकून माफी मागत होता. आणि खोलीच्या दारात खोतकाका बोट तसंच हवेत धरून उभे होते, जणू ते खाली कसं घ्यायचं तेच विसरलेत.

आठवड्याभराने रेल्वेचे दोन अधिकारी काकांच्या घरी आले. सोबत मिठाईचा सुंदर बांधलेला खोका. त्यांनी आधी झाल्या प्रकाराबद्दल माफी मागितली, चहा घेतला, काकूंच्या चकलीचं कौतुक केलं आणि जाताना अत्यंत नम्रपणे सांगितलं, की प्रवास करायचा नसेल तेव्हा खोतसान यांनी प्लॅटफॉर्मवर आणि प्रतीक्षागृहात येऊ नये. येत्या रविवारी गावच्या सभागृहात बैठक आहे, तिथे सर्वांसमोर हे ठरवून टाकू.

मी पेटले. ज्या स्टेशनात एक माणूस ठेवणं कंपनीला परवडत नाही, त्याच स्टेशनातून एक माणूस हाकलायला तिने दोन माणसं पाठवली होती. समीर म्हणाला, मुक्ता, जाऊ दे, आपण इथे पाहुणे, उगाच आवाज कशाला. मी म्हटलं, आपण भाडं देतो, कर देतो, कचरा सतरा प्रकारांत वेगळा करतो. पाहुण्याला कोणी कचरा वेगळा करायला लावतं का? त्याने मान डोलावली, पण पत्रकावर सही करशील का विचारलं तेव्हा त्याला नेमका ऑफिसचा फोन आला.

मी रात्र न दवडता पत्रक लिहिलं, मराठीत आणि जपानीत. दुसऱ्या दिवशी सकाळी ते घेऊन खोतांकडे गेले. काकांनी चष्मा लावला आणि एकेका ओळीवर बोट रोखून वाचलं.

"'लढा', गर्दीच्या जागी वापरू नये. 'धिक्कार', खांद्याच्या वर उचलू नये. 'एकजूट', योशी."

मग कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली. "मुक्तासान, ते लोक बरोबर आहेत. प्लॅटफॉर्मवर योशी म्हणायचा अधिकार एकाच माणसाला असतो. दोन झाले की अपघात. हे मी पोरांना कारखान्यात शिकवलंय."

माझ्यावर चिडले की ते परक्यासारखं, जपानी अदबीचं 'सान' लावायचे. एरवी मी 'पोरी' असायचे.

मी म्हटलं, म्हणजे तुम्ही बंदी मान्य करणार? ते म्हणाले, बंदी योग्य आहे. मी म्हटलं, मग तुमचा चेहरा असा का झालाय? ते चष्मा पुसू लागले आणि माझा तोल गेला.

"ठीक आहे, नका जाऊ. तुम्ही नाही गेलात तर काय होणार आहे? रिकामं बाक रिकामंच राहील."

स्वयंपाकघरात काकूंची पळी पातेल्यात थांबलेली मला ऐकू आली. काकांनी माझ्याकडे बघितलं. त्यांचं बोट वर आलं नाही. ते उठले आणि गॅस बंद आहे का बघायला गेले, आणि तो चालू होता, कारण काकू आमटी करत होत्या.

रविवारी सभागृहात सपाता रांगेत, चहा वाफाळता, सगळे वेळेआधी हजर. त्या दोघांतले चष्मेवाले अधिकारी मध्ये. त्यांच्या शेजारी नोमुरा, मांडीवर पांढरे हातमोजे घडी करून. समोर आजी, ढकलगाडीसकट. खोतकाका कारखान्याचा जुना गणवेश घालून आले होते, छातीवर नावाची पट्टी अजून शिवलेली. दुभाषी मी. काकांना जपानी येतं, पण ते त्यांनी कारखान्याच्या भिंतींवरच्या पाट्यांवरून उचललेलं. त्यांच्या जपानीत डोकं सांभाळा, हात आत घालू नका आणि आग लागल्यास पळू नका एवढंच उत्तम बोलता येतं. लग्नाच्या वाढदिवसाला त्यांनी शेजाऱ्यांना 'अपघातविरहित तीस वर्षे' असं सांगितलं होतं.

मी बोलायला उभी राहिले. स्टेशनं ओस पाडणाऱ्या धोरणाबद्दल बोलले, परक्या माणसाच्या आवाजाचीच लोकांना भीती का वाटते ते विचारलं. आरशावर साधं छप्पर असतं तर ड्रायव्हरला दुसऱ्याच्या आवाजावर अवलंबून राहावं लागलं नसतं, हेही सुनावलं. शेवटचा मुद्दा अजूनही मला बिनतोड वाटतो. लोक फार लक्षपूर्वक ऐकत होते. अधिकारी म्हणाले, आपलं म्हणणं आम्ही जरूर विचारात घेऊ. इथे हे वाक्य आलं की समजावं, फाईल मिटली.

मग त्यांनी चष्मा काढला आणि अगदी खऱ्या कुतूहलाने विचारलं, पण खोतसान, रिकामं बाक रोज तपासायचं कारण काय?

सगळ्यांच्या माना वळल्या. मी भाषांतर करायला तोंड उघडलं, पण काका आधीच उठले होते. त्यांनी टाचा जुळवल्या. कारखान्यात अपघाताचा अहवाल देताना उभे राहतात तसे ते उभे राहिले आणि जपानीत बोलले.

"पूर्वी एकदा तपासणी राहून गेली. कारण, मी. उपाय, रोज बोट, रोज आवाज. अहवाल समाप्त."

कोणीही पुढे विचारलं नाही. या गावात निम्मे लोक कारखान्यांत राबलेले आहेत, त्यांना ती भाषा कळते. काका आजींकडे वळले आणि कंबरेतून वाकले, मग नोमुराकडे वळून वाकले. नोमुरा धडपडत उठला आणि त्यांच्याहून खाली वाकला. काका म्हणाले, बंदी योग्य आहे.

मला ओरडावंसं वाटत होतं. ज्याच्यासाठी लढायचं तोच शत्रूच्या बाजूने मत देऊन मोकळा झाला होता. तेवढ्यात आजींनी चहाचा पेला खाली ठेवला.

"मग आता बघणार कोण?"

अधिकारी म्हणाले, तेही विचारात घेऊ.

परतताना काका पुढे चालत होते, हात खिशात. काकू आणि मी मागे. कापणी झालेल्या भातखाचरांतून वारा सरळ अंगावर येत होता. मी काकूंना विचारलं, कसली तपासणी राहिली होती?

काकूंनी काकांकडे बघून अंतराचा अंदाज घेतला आणि पावलं मंदावली.

खोतांची मुलगी ओवी तेव्हा दुसरीत होती, त्यांनी सांगितलं. शाळा पुढच्या गावात, गाडीने एकटी यायची, इथली पोरं येतात तशी. संध्याकाळी स्टेशनातून आणायला कधी काकू जायच्या, कधी कामावरून येता येता काका. त्या दिवशी काकूंना वाटलं ते आणतील आणि त्यांना वाटलं काकूंनी आणलं. काका गाडीतून उतरले. डोक्यात कारखान्यातला कुठलातरी बिघडलेला साचा. खोलीवरून सरळ चालत घरी आले.

"ती आत होती ग. कोपऱ्यात. ह्यांना ती दिसली नाही. तिला हे दिसले."

मी विचारलं, मग तिने हाक का नाही मारली?

"तिला वाटलं, बाबांनी बघितलंय. रागावलेत, म्हणून बोलावत नाहीत. तर आपण बसून राहायचं." काकूंनी पदर कानावरून ओढून घेतला. "हे घरी आले, आम्ही दोघांनी एकदमच विचारलं, ओवी कुठाय. मग हे एका पायात चप्पल घालून पळाले. अंधार पडला होता, थंडी ही अशी. पोरगी दप्तर मांडीवर घेऊन ताठ बसलेली. रडत नव्हती. ह्यांना म्हणाली, सॉरी."

ओवी आता राजधानीत, तोयोसुला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. तिला मी फक्त रविवारच्या व्हिडिओ कॉलवर पाहिलेलं. आईबाप मराठीत विचारतात, ती जपानीत उत्तर देते. सगळं ठीक, काळजी नको, ठेवते.

तिला आठवतं का हे, मी विचारलं.

"विचारलं तर म्हणते, नाही आठवत. पण गेल्या वर्षी मी तिच्याकडे राहिले ना, तेव्हा बघितलं. गाडीला कितीही वेळ असू दे, पाय दुखू देत, ती स्टेशनात बसत नाही. उभीच राहते."

"काकांना सांगितलंत हे?"

"वेडी का तू," काकू म्हणाल्या.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. काका नियम मोडणाऱ्यांतले नव्हते. संध्याकाळी गाडीच्या वेळेला ते यायचे, पण स्टेशनाच्या हद्दीबाहेर, पेयांच्या यंत्रापाशी थांबायचे. दोन्ही हात कोटाच्या खिशात कोंबलेले, कारण उजवं बोट आपोआप वर येत होतं. तिथून बाकाचं डावीकडचं टोक दिसत नाही. ते मान लांब करायचे, मग लाजून यंत्रातली एखादी कॉफी विकत घ्यायचे. त्यांना कॉफी चालत नाही. घरी डबे साठले होते.

घरातलं बोट तर पारच खाली गेलं. काकू मला जिन्यात गाठून हळू आवाजात सांगायच्या. काल कढी उतू गेली. आज नळ चालू ठेवून बाहेर पडले. ताटावर बसतात आणि गपचूप जेवतात. घरात एवढी शांतता आहे की मलाच भीती वाटते, त्या म्हणाल्या. ज्या आवाजावर आम्ही सगळे हसायचो, त्याच्या आधारावर ती बाई आयुष्यभर निर्धास्त झोपली होती.

मी रोज गाडीतून उतरले की त्या बाकाकडे रागाने बघायचे. पत्रकाच्या प्रती अजून माझ्या बॅगेत होत्या.

मग डिसेंबरातली एक संध्याकाळ. त्या आठवड्यात पुन्हा नोमुराची पाळी लागली होती. मी पैसे टाकून उतरले, माझ्यामागून आजी आणि त्यांची ढकलगाडी. आता आरशाला छोटं छप्पर बसवलेलं होतं, कोणाच्या सांगण्यावरून ते कंपनीने कळवलं नाही. नोमुराने आरशावर बोट रोखलं, योशी. दार मिटलं, दारावर बोट रोखलं, योशी. आता गाडी सुटणार म्हणून मी वाटेला लागले, तर गाडी हलेना. मी वळले. नोमुराने बाजूची काच खाली केली होती. कंबरेपर्यंत बाहेर झुकून त्याने पांढऱ्या हातमोज्यातलं बोट प्रतीक्षागृहाकडे रोखलं. आधी डावीकडच्या टोकावर. मग हळूहळू उजवीकडे.

"बेन्ची, योशी!"

बाकाला जपानीत बेन्ची म्हणतात, 'बेंच'वरूनच, भाषांतराची गरज नव्हती. यंत्रापाशी खोतकाका ताठ झाले. त्यांनी खिशातून हात काढले, टोपी काढली आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत ती छातीशी धरून उभे राहिले. आजी त्यांच्याजवळून जाताना ढकलगाडी थांबवून म्हणाल्या, आता घरी जा, थंडी आहे.

नियमात हे असेल असं मला वाटत नाही. पण त्यानंतर नोमुरा रोज काच खाली करत राहिला. हळूहळू त्याच्या पाळीनंतरचे ड्रायव्हरही करू लागले. मी पत्रकाच्या प्रती बॅगेतून काढल्या आणि घरी पोळ्यांसाठी ठेवल्या.

काका यंत्रापाशी यायचे बंद झाले. काकू म्हणाल्या, आमटीवरचं बोट परत आलंय. माझ्या हिशेबाने गोष्ट इथे संपायला हवी होती.

नव्या वर्षाच्या सुट्टीला थोडे दिवस उरले होते. मी उतरले, गाडीचं दार मिटलं, नोमुराने काच खाली करून बोट रोखलं. डावीकडच्या टोकावर बोट थांबलं. पुढे सरकेना. मग तो जरा हळू आवाजात म्हणाला, "बेन्ची, प्रवासी एक, योशी." आणि गाडी घेऊन गेला.

मी खोलीत डोकावले. खिडकीच्या आडोशाच्या कोपऱ्यात खोतकाका बाकावर बसले होते. मांडीवर बॅग, बॅगेवर दोन्ही हात, पाठ ताठ. गुडघ्याशी काकूंच्या चकलीचा डबा. एवढ्या वर्षांत मी त्यांना त्या बाकावर बसलेलं कधी पाहिलं नव्हतं, आणि तेही स्वतःला तिथे बघून थोडे बावरल्यासारखे दिसत होते. त्यांनी आधी खिशातून तिकीट काढून मला दाखवलं. प्रवास करायचा असेल तर बसता येतं.

मी विचारलं, कुठे निघालात?

"तोयोसु. उलटी गाडी येईल आता." मग म्हणाले, "काकू बोलली मला. ओवी स्टेशनात बसत नाही म्हणे."

मी दाराला टेकून उभी राहिले.

"घ्यायला येते म्हणाली. म्हणजे उभी राहील." त्यांनी बाकाच्या फळीवर हात फिरवला. "म्हटलं, तिथे शेजारी बस म्हणायच्या आधी आपण बसून बघावं."

दूर फाटकाची घंटा वाजू लागली. एक सायकलवाला वाटेवरून गेला, त्याने आत बघितलं नाही. काकांची नजर त्याच्यामागे शेवटपर्यंत गेली.

"इथून जाणारा प्रत्येक माणूस दिसतो, पोरी," ते म्हणाले. "चेहरा दिसतो, बूट दिसतात, सगळं दिसतं. जाणाऱ्याला मात्र इथलं काही दिसत नाही."

गाडीचा दिवा वळणावर दिसला. मी त्यांना सांभाळून जा म्हटलं आणि बाहेर पडून वाटेला लागले. यंत्रापाशी पोचले तेव्हा लक्षात आलं की मी सरळ चालत आले आहे, मागे न बघता. मी परत फिरले, खोलीच्या दाराशी गेले आणि आत बघितलं.

ते माझ्याकडेच बघत होते. त्यांनी बॅगेवरचा हात थोडासा वर उचलला.